मावशींना मिळते एकच काळी पिशवी

५ जूनला आमच्या कंपनीत झाडं लावतात. जागा दरवर्षी तीच, गेटजवळचा पट्टा, कारण आदल्या वर्षीची झाडं तोवर वाळलेली असतात. २०२५ मध्ये जागतिक पर्यावरण दिनाचा विषय प्लास्टिक प्रदूषण हा होता आणि एचआरनं तो फारच मनावर घेतला. ऑफिसच्या मजल्यावर नवे डबे आले. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, आणि एक लाल, ज्यात काय टाकायचं ते पोस्टर वाचूनही नीट कळत नव्हतं. शपथ झाली, सेल्फी झाले. मग मोबाईलवर एक क्विझ आली. केळ्याची साल कुठे, पाण्याची बाटली कुठे, पेनाची रिफिल कुठे. मला दहापैकी दहा मिळाले. सर्टिफिकेटही आलं, माझ्या नावात एक चूक ठेवून.

त्याच संध्याकाळी काम रेंगाळल्यामुळे मी मजल्यावर उशिरापर्यंत होतो. हाऊसकीपिंगच्या मावशी आल्या. त्यांनी हिरवा डबा उचलला आणि हातातल्या काळ्या पिशवीत उपडा केला. मग निळा उचलला आणि त्याच पिशवीत उपडा केला. लाल रिकामाच होता.

मी दहापैकी दहावाला. मला राहवलं नाही. "मावशी, वेगवेगळं ठेवायचंय ना ते?"

त्यांनी पिशवीची गाठ मारता मारता माझ्याकडे पाहिलं. "सर, मजल्याला एक पिशवी मिळते मला. तुम्ही दोन डब्यांत टाका नाहीतर दहा डब्यांत टाका, मी कशात भरू?"

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्विझमध्ये तो प्रश्नच नव्हता.

तुम्ही हिंजवडीत लॅपटॉपवर काम करत असाल, भोसरीत सीएनसीवर उभे असाल किंवा तळवड्यात कॉल घेत असाल, तुमच्याकडेही असे डबे असतील आणि त्यावर बाणांचा तो त्रिकोण असेल. या डब्यांबद्दल मला भांडायचंय. पण आधी सांगून टाकतो, "शेवटी सगळं एकत्रच जातं, मग कशाला वेगळं टाकायचं" असं म्हणणाऱ्या आमच्या डिपार्टमेंटमधल्या मित्राच्या बाजूनं मी अजिबात नाही. तो चहाचा कप पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकतो आणि वर स्वतःला वास्तववादी म्हणवतो. माझं भांडण त्याच्याशीही आहे. त्याचा नंबर येईल.

आता ऑफिसचा जिना उतरून आमच्या शॉप फ्लोअरवर चला. फार तर पन्नास पावलं.

आम्ही गाड्यांचे सुटे भाग मशीनिंग करून देतो, काही ॲल्युमिनियमचे, काही स्टीलचे. दोन्हींच्या चिप्स निघतात, म्हणजे मशीनवर कापताना पडणारा तो चमकदार किस. ॲल्युमिनियमच्या चिप्सचा बिन वेगळा, स्टीलच्या टर्निंगचा वेगळा. कुणी ॲल्युमिनियमच्या बिनमध्ये लोखंडाचा किस टाकला तर त्या शिफ्टच्या सुपरवायझरचं काही खरं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये फोटोसह चर्चा होते, बोर्डावर लागतं. कारण ॲल्युमिनियममध्ये लोखंड आलं की भट्टीवाल्याला ते त्रासाचं, आणि त्याला त्रास म्हणजे आम्हाला भाव कमी. चिप्समधलं कूलंट निथळवून घेतात, कारण ओल्या मालाचं वजन भंगारवाला कापतो. मग काटा होतो, गेटपास बनतो, चलन बनतं, गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये चढतो, अकाउंट्सला कॉपी जाते. या सगळ्यासाठी कुणी कधी शपथ घेतली नाही. कुणाला पृथ्वी आठवली नाही. दहावी झालेला, कालच रुजू झालेला पोरगाही दोन दिवसांत शिकतो.

म्हणजे वेगळं करणं, वेगळं ठेवणं, वेगळं मोजणं आणि वेगळं पाठवणं हे चाकणच्या कुठल्याही कारखान्याला उत्तम येतं. फाइव्ह एसच्या पाट्या आमच्याकडे मराठीपेक्षा शुद्ध जपानीत लागतात. एका बोल्टची जागा ठरलेली असते, झाडूची सावली भिंतीवर रंगवलेली असते, झाडू जागेवर नसेल तर लगेच दिसावं म्हणून. आणि हीच कंपनी जिना चढून वर गेली की अचानक निरागस होते. तिथे तिला 'जागरूकता' लागते, 'मानसिकता बदलणं' लागतं. ज्या मालाला भाव आहे त्याला पद्धत, आणि ज्याला भाव नाही त्याला भाषण.

भाव असला की काय होतं हेही या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. भंगाराच्या ठेक्यावरून चाकण-तळेगाव भागात होणारी दमदाटी, खंडणीचे गुन्हे, 'आमच्या गावातली कंपनी, भंगार आम्हीच उचलणार' ही भाषा वर्तमानपत्रात नियमित येते. मोठमोठ्या कंपन्यांनी सरकारकडे तक्रारी केल्यात. लोखंडाच्या भंगारासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. वापरलेल्या चहाच्या कपासाठी आजवर कुणी कुणाला धमकी दिलेली नाही.

त्या कपाचंच घ्या. आपण त्याला कागदी कप म्हणतो आणि निळ्या डब्यात टाकून मोकळे होतो. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. कागदाच्या गिरणीत रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात. हा थर काही भिजत नाही, त्यामुळे साध्या गिरणीला तो कप नको असतो. महाराष्ट्रानं जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेले कप आणि प्लेटा बंदीच्या यादीत घातले. तरीही आमच्या पँट्रीत ते आहेत, बहुधा तुमच्याही. बरं, कप नुसता स्वतः वाया जात नाही. त्यात तळाला उरलेला दोन घोट चहा निळ्या डब्यातल्या चांगल्या कागदावर सांडतो. भिजलेली, साखर लागलेली रद्दी रद्दीवाला घेत नाही, घेतली तर मातीच्या भावानं. आता माझ्या त्या वास्तववादी मित्राला हे सांगायचंय. एकत्र जाणार म्हणून वेगळं न टाकणं ही मावशींना दिलेली साथ नाहीये. पिशवी एक असली तरी त्या बाटल्या आणि पुठ्ठा हातानं बाजूला काढतात, आणि तू टाकलेल्या चहात त्यांचा हात जातो.

पण कप निवडला कुणी? मी नाही, तूही नाही. तो परचेसनं निवडला, कारण स्टीलचे कप धुवायला माणूस लागतो आणि माणूस ठेक्यात बसत नव्हता. पिशवी एकच का, याचा शोध घेत मी ॲडमिनमधल्या एका मैत्रिणीकडे गेलो तेव्हा तिनं मला हाऊसकीपिंगच्या ठेक्याचं कोटेशन दाखवलं. माणशी दर, गणवेश, फिनेल, आणि एका ओळीत 'कन्झ्युमेबल्स'. त्या ओळीत काळ्या पिशव्यांचे महिन्याचे रोल मोजून लिहिले होते, मजल्याला दिवसाला एक. ठेका सगळ्यात कमी दरवाल्याला मिळाला होता. आमच्या मजल्यावरच्या रिसायकलिंगचा निर्णय त्या ओळीत झाला होता. डबे, पोस्टर, क्विझ हे सगळं त्यानंतर आलं आणि त्यावर बहुधा कित्येक वर्षांच्या पिशव्यांएवढा खर्च झाला असेल.

पिशवी पुढे कुठे जाते हे ॲडमिनलाही सांगता येईना. "व्हेंडर उचलतो" एवढंच. कोण व्हेंडर, तर हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराचा ओळखीचा. चाकणचा हा सगळा पट्टा महापालिकेत येत नाही. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी अशी गावं, त्यांच्या ग्रामपंचायती, मध्ये एमआयडीसी, शेजारी चाकणची नगरपरिषद. पिंपरी-चिंचवडमध्ये निदान घंटागाडी येते आणि कचरा मोशीच्या डेपोवर जातो हे शेंबडं पोरही सांगेल. मोशीत १ ऑगस्ट २०२३ पासून कचऱ्यातून वीज बनवण्याचा प्रकल्प आहे. पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याचं गणित तेव्हा सांगितलं गेलं. त्या प्रकल्पाबद्दल वाद घालता येईल. भट्टीला रोज खाद्य लागतं आणि जळण्यासाठी उत्तम काय, तर तोच कागद आणि प्लास्टिक, ज्याचं खरं तर पुन्हा काहीतरी बनू शकतं. पण वाद घालायला निदान एक पत्ता आहे. चाकणच्या पिशवीला पत्ताच नाही.

म्हणून एका शनिवारी मी बाइक घेऊन त्या छोट्या हत्तीच्या मागे गेलो. फार साहस वगैरे नव्हतं, ट्रॅफिक असं होतं की चालत गेलो असतो तरी चुकामूक झाली नसती. टेम्पो एका गावाच्या मागे, ओढ्याकाठी पत्र्याच्या शेडपाशी थांबला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या भागातल्या कुठल्याही गावाचं नाव तिथे घालता येईल. तीन माणसं होती. पिशव्या फोडायच्या, बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, पन्नी एकीकडे, उरलेलं ओढ्याच्या उतारावर. उतारावर आदल्या दिवशीची राख होती आणि तिला अजून धग होती.

मी क्वालिटीत आहे. नाकारलेल्या पार्टवर आम्ही लाल टॅग बांधतो, त्यावर पार्ट नंबर, दोष, तारीख आणि सही. त्या ढिगात माझ्या सहीचा टॅग होता.

आणि हातमोजे होते. खूप. ऑफिसचे नाहीत, शॉप फ्लोअरचे, कटिंग ऑइल मुरलेले. सोबत मशीन पुसायच्या चिंध्या. तिथली एक बाई ते वेगळे काढून डब्यात टाकत होती. परभणीकडची असावी, बोलण्यावरून. मी कंपनीचा आहे म्हटल्यावर आधी गप्प झाली, मग म्हणाली, "भाऊ, तेवढे मोजे नका पाठवू म्हणावं. सोड्यात धुते अन् विकते मी, पण हाताला पुरळ उठतं. रात्री झोप येत नाही खाजीनं."

हे हातमोजे तिथे असायलाच नको होते. तेल लागलेल्या चिंध्या आणि पुसण्याचं साहित्य २०१६ च्या घातक कचरा नियमांत, पहिल्या अनुसूचीत ३३.२ क्रमांकावर सरळ लिहिलेलं आहे. ते वेगळ्या खोलीत ठेवायचं, त्यावर लेबल लावायचं, नव्वद दिवसांच्या वर साठवायचं नाही आणि परवाना असलेल्या गाडीनं, मॅनिफेस्ट भरून, परवाना असलेल्या केंद्रावर पाठवायचं. आपल्या भागासाठी असं सामायिक केंद्र रांजणगावला आहे. हे सगळं आमच्या कंपनीतही आहे, खोली आहे, पिवळी पाटी आहे, मॅनिफेस्टची फाइल आहे. ऑडिटर आला की फाइल उघडते, ऑडिटर मान डोलावतो. रांजणगावला पाठवायचे किलोमागे पैसे द्यावे लागतात. काळ्या पिशवीतून गेलं तर लागत नाहीत. कुणी बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. शिफ्ट संपताना मोजे जवळच्या डब्यात पडतात, डबा पिशवीत जातो, आणि खर्च कमी झाला तर कुणी विचारत नाही की का कमी झाला.

सोमवारी मी एक साधं काम केलं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितोय. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात किती डझन हातमोजे आणि किती किलो चिंध्या आत आल्या ते पाहिलं. मॅनिफेस्टच्या फाइलमध्ये किती किलो बाहेर गेलं ते पाहिलं. दोन आकडे शेजारी लिहिले. तेल लागल्यावर मोजा जड होतो, म्हणजे बाहेरचा आकडा मोठा असायला हवा. इथे उलटं, आणि फरक थोडाथोडका नाही.

घरात हे करता येत नाही. घरात महिन्याला किती पन्नी आली आणि किती गेली याचं रजिस्टर कुणी ठेवत नाही, म्हणून घरातल्या माणसाला सवयीबद्दल सांगणं मी समजू शकतो. कारखान्यात मात्र आत येणारा प्रत्येक पुठ्ठा, प्रत्येक पॅलेट, गंज लागू नये म्हणून पार्ट ज्यात गुंडाळतात ती प्रत्येक पिशवी चलनावर येते. बाहेर जाणारं सगळं एका गेटमधून, काट्यावरून जाऊ शकतं. आत किती, बाहेर किती, कुठे. एवढं गणित मांडायला पर्यावरणप्रेम लागत नाही, बारावी कॉमर्स पुरे. ज्या संस्थेकडे दोन्ही बाजूंचे आकडे आधीच आहेत ती संस्था मला केळ्याची साल कुठे टाकायची ते विचारते, तेव्हा ती मला शिकवत नसते. ती माझं लक्ष दुसरीकडे वळवत असते.

आकडे मागणारे वरूनही आलेत. सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा, कचऱ्याचा अहवाल देणं सक्तीचं केलंय, किती टन निर्माण झाला, किती रिसायकल झाला, किती जाळला, किती पुरला. त्या कंपन्या आमच्यासारख्या सप्लायरकडून एक्सेल भरून मागतात. आमच्या एक्सेलमध्ये 'रिसायकल' या रकान्यात चिप्स, पुठ्ठा आणि 'इतर सुका कचरा' यांची बेरीज असते. इतर सुका कचरा म्हणजे मावशींची काळी पिशवी. ओढ्याकाठची राख कागदावर रिसायकल झालेली असते.

इथे कुदळवाडीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी चिखलीत राहतो, जाधववाडीच्या बाजूला, आणि ती सगळी वस्ती माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर होती. भंगाराची गोदामं, पत्र्याची शेडं, बॅरल धुण्याच्या जागा, प्लास्टिक निवडून भरडणारी यंत्रं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून जे बाहेर पडायचं त्याचा मोठा भाग तिथे निवडला जायचा, तुकडे होऊन, दाणा होऊन कुठल्या कुठे जायचा. मी त्या जागेला सजवून सांगणार नाही. केमिकलचे बॅरल धुतलेलं पाणी कुठे जात होतं ते इंद्रायणीवर आळंदीत तरंगणारा फेस पाहणाऱ्याला विचारा. कामगारांना ना मास्क, ना पीएफ. आगी तर इतक्या लागायच्या की अग्निशमनच्या गाडीचा आवाज आला की आम्ही कुदळवाडीच म्हणायचो. डिसेंबर २०२४ मधल्या मोठ्या आगीचा धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं पोलीस बंदोबस्तात जेसीबी घातले आणि काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली, आठशेहून अधिक एकरांवरची. अनधिकृत होती, प्रदूषण होतं, आगी लागत होत्या, तिन्ही गोष्टी खऱ्या. काहींनी तिथल्या माणसांच्या भाषेवरून आणि गावावरून वेगळंच राजकारण केलं, तो आणखी एक विषय. मला खटकलं ते एवढंच की त्या आठवड्यात एकाही कारखान्यानं जाहीरपणे विचारलं नाही, "आमचा माल उद्यापासून कुठे जाणार?" त्या गोदामांत पडलेला पुठ्ठा, पन्नी, बॅरल हे सगळं कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या गेटमधूनच आलं होतं. पाडकाम बघणारे म्हणत होते, किती घाण करून ठेवलीय यांनी. ती घाण 'त्यांची' कधी झाली? गेटच्या बाहेर पडली त्या क्षणी?

आमच्याकडे त्या दिवसांत पुठ्ठा उचलणारी गाडी काही दिवस आली नाही. पुठ्ठ्याचा ढीग मटेरियल गेटपर्यंत आला. मग दुसरी गाडी यायला लागली, दुसऱ्या नंबरची. कुठून, ते कुणी विचारलं नाही. मार्चचं एक्सेल मी पाहिलंय. रिसायकलचा रकाना जसाच्या तसा आहे.

आता कुणी म्हणेल, मग करायचं काय, सगळंच खोटं का? नाही. आपल्या शेजारी पुण्यात हे काम माणसासारखं करता येतं याचा तीस वर्षांचा पुरावा आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांची युनियन, डॉ. बाबा आढावांसारखा माणूस पाठीशी आणि एसएनडीटीतल्या प्राध्यापक-कार्यकर्त्या सोबत. पहिली मागणी काय होती, तर आम्हाला कामगार म्हणा, ओळखपत्र द्या. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिच्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अगदी रुक्ष आहे. जी बाई कचरा गोळा करते आणि निवडते, त्या भंगाराचे पैसे तिचे. घरटी शुल्क मिळतं ते वेगळं. म्हणून ती घरवाल्याशी हक्कानं भांडते, "ताई, ओलं यात टाकू नका." तिच्या भांडणाला पैशाचा आधार आहे. पोस्टरला तो नाही.

आमच्या कंपनीत काय होतं सांगू? मावशी संध्याकाळी घरी निघतात तेव्हा गेटवर त्यांची पिशवी तपासली जाते. रिकामी पाण्याची बाटली, पुठ्ठ्याचा तुकडा, काही नेताना सापडलं तर चोरी. कंपनीचा माल आहे म्हणे. म्हणजे ज्या बाटलीची वाट एकतर ओढ्याकडे जाते किंवा ठेकेदाराच्या ओळखीच्या माणसाच्या खिशाकडे, ती बाटली हातानं वेगळी काढणाऱ्या बाईनं नेली तर गुन्हा. मी इंजिनिअर आहे, माझी बॅग आठ महिन्यांत एकदाही उघडलेली नाही. या मजल्यावर कुठल्या प्लास्टिकला भाव आहे, कुठल्याला नाही, कुठला कागद रद्दीत चालतो हे बिनचूक सांगू शकेल असं एकच माणूस आहे आणि क्विझ तिला पाठवलीच नव्हती. तिच्याकडे कंपनीचा ईमेल नाही.

मी जे पाहिलं ते ईएचएसच्या साहेबांना सांगितलं. सरळ माणूस आहे. दोन आकडे पाहून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे लेखी देऊ नकोस, मी बघतो." खरंच बघितलं त्यांनी. शॉप फ्लोअरवर आता मोज्यांसाठी वेगळा ड्रम आहे, झाकणाचा. नवा मोजा हवा असेल तर जुना परत द्यायचा, तेव्हाच स्टोअर नवा देतं. दोन दिवस आरडाओरडा झाला, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सवय झाली. शपथ नाही, पोस्टर नाही. पँट्रीत स्टीलचे कप यावेत म्हणून आम्ही सतरा जणांनी सह्या केल्या. परचेसचं उत्तर आलं की धुण्यासाठी माणूस पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये पाहू. तोवर मी घरून कप नेतो, त्यात काही मोठेपणा नाही, चहा जास्त मावतो. मित्रही आणायला लागलाय, कारण तेच, चहा जास्त मावतो.

तुमच्या ऑफिसात विचारायला तीन गोष्टी पुरतील आणि तिन्हीसाठी कुणाला दुखवावं लागत नाही. मजल्याला पिशव्या किती मिळतात. गाडी कुठे जाते. आणि बाहेर गेलेल्याची पावती कुणाच्या फाइलला आहे. "व्हेंडर उचलतो" हे उत्तर मिळालं तर समजा की उत्तर मिळालं नाही. शनिवार मोकळा असेल तर मागोमाग जाऊन बघा. ट्रॅफिक आहेच.

आमच्या मजल्याला ऑगस्टपासून दोन पिशव्या येतात, एक काळी, एक पांढरी. ॲडमिनच्या मैत्रिणीनं कोटेशनच्या त्या ओळीत भांडून घातल्या. टेम्पो अजून एकच येतो आणि दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवून नेतो. मी त्या शेडवर परत गेलो होतो. बाई भेटली नाही, शेडला कुलूप होतं. उतारावर राख होती, मोजे नव्हते.

मावशींच्या बाटल्यांचा अर्ज मी त्यांच्या नावानं मराठीत लिहून दिला. सुक्या पिशवीतलं भंगार हाऊसकीपिंगच्या बायकांनी विकावं, गेटवर त्याची नोंद व्हावी, बस. ॲडमिननं तो सिक्युरिटीकडे पाठवला, सिक्युरिटीनं लीगलकडे. परवा संध्याकाळी मी गेटवर उभा होतो तेव्हा मावशींची पिशवी उघडली होती आणि गार्ड आत टॉर्च मारून बघत होता. डबा, ओढणी, अर्धा कांदा. त्यांनी मला पाहून नुसती मान हलवली आणि रांगेत पुढे सरकल्या.